पेटीवाल्याचं ‘पुढे’

भांडण दुसऱ्यांचं होतं, पण माझा धागा तुटला म्हणून मला ऐकू आलं. शिलाई मशीन चालू असलं की वरच्या खोलीचं छप्पर पडलं तरी मला पत्ता लागत नाही. त्या दुपारी धागा तुटला, मी सुई डोळ्यांजवळ धरली, आणि जिन्यावरून तिचा आवाज खाली आला.

"मान्य आहे की नाही, एवढंच सांग."

"बघतो," तो म्हणाला.

"काय बघतोस? मला तिकडे काम मिळालंय. तू येतोस की नाही? यात बघण्यासारखं काय आहे?"

"हे एवढं पाठवून होऊ दे. मग बघतो."

"तुझं होऊन गेलंय असं कधी झालंय का रे? तपासलेलं परत तपासायचं. मी लिहून मोकळी झाले, तुझा खोका अजून बांधून होत नाही!"

"खोका नीट नसला तर आतलं कुणाला मिळणार?"

"बरोबर. मग बस खोक्यात."

दार आपटलं नाही. बॅग घेऊन ती खाली आली, माझ्यापाशी थांबली. "काकू, माझा निळा शर्ट शिवून झाला की त्याच्याकडे द्या," म्हणाली, आणि गेली. मी शर्ट शिवला, वर नेऊन दिला. त्यानं तो दाराच्या खुंटीला अडकवला. तो तिथे लागला तो लागलाच.

ही दोघं माझी वरची भाडेकरू. नवराबायको, आणि धंद्यातही भागीदार. ती कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायची. तो काय करतो, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं तेव्हा ती हसत म्हणाली, "हा पेट्या बांधतो."

मला वाटलं सुतार असेल. पण हातोडीचा आवाज कधी येईना. मग वाटलं, पेटी म्हणजे वाजवायची पेटी. तीही वाजेना. शेवटी मी जिन्यातच गाठला. तो म्हणाला, "काकू, प्रोग्राम म्हणजे सुट्या सुट्या शेकडो वस्तू असतात. त्या तशाच दिल्या तर दुकानदाराला कुठली कुठे ठेवायची ते कळणार नाही. मी त्या सगळ्या एका पेटीत बांधतो. दुकानदारानं पेटीवर टिचकी मारली की प्रत्येक वस्तू आपापल्या जागी जाऊन बसते."

"आणि पेटीचं काय होतं?"

"पेटी कुणाच्या लक्षातही राहत नाही."

तेव्हापासून तो आमचा पेटीवाला. नावही तेच पडलं, खालच्या दुकानांतून सगळे तेच म्हणायचे.

त्या दोघांचा मुख्य प्रोग्राम होता चष्म्याच्या दुकानांसाठी. कुणाच्या डोळ्याचा नंबर काय, मागच्या खेपेला काय होता, फ्रेम कुठली घेतली, सगळं त्यात राहायचं. लिहिलेला तिनं, बांधलेला ह्यानं. कंपनीचं नावही दोघांच्या नावांची पहिली अक्षरं जोडून केलेलं. ती गेल्यावर तो बाहेरची कामं घ्यायला लागला, कुणाकुणाचे प्रोग्राम बांधून द्यायचा. पण कॉम्प्युटर नवे आले, त्यांची आतली व्यवस्था बदलली, की चष्म्याची पेटी तो पुन्हा नव्यानं बांधायचाच. ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

पेटी बांधून झाली की जिन्यातून हाक यायची. "काकू, जरा वर येता? कोरं मशीन तयार आहे."

कोरं म्हणजे ज्यात काहीच घातलेलं नाही असा कॉम्प्युटर. "माझ्या मशीनवर सगळं असतंच, त्यामुळे माझ्याकडे सगळंच चालतं," तो सांगायचा. "लोकांकडे चालायला हवं ना." म्हणून समोर कोरं मशीन आणि त्याच्यापुढे कोरी मी. माझी शाळा लवकरच सुटली, जोडाक्षर आलं की मी अजून ठेचकाळते. त्याला नेमकं तेच हवं असायचं. मी कुठे अडखळते ते तो पाठीमागे हाताची घडी घालून बघायचा.

"आता कुठे दाबू?"

"मी इथे नाहीच आहे, काकू."

"मग बोलतंय कोण?"

पहिल्या वेळी बटणावर लिहिलं होतं ‘प्रस्थापित करा’. मी ते वाचता वाचता दमले. दुसऱ्या दिवशी तिथे ‘बसवा’ आलं. शेवटच्या बटणावर होतं ‘समाप्त’. त्याला मी हातच लावेना. "एवढ्या हौसेनं बसवलं आणि आता समाप्त? पाप नको मला." तो मोठ्यानं हसला. ती गेल्यापासून त्याचं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तिथे त्यानं ‘झालं’ लिहिलं.

पण सगळ्यात जास्त मी अडकले ती मधल्या पानावर. पानभर मुंगीसारखी अक्षरं, खाली एक चौकोन आणि त्यापुढे ‘मला मान्य आहे’. त्याच्याखाली ‘पुढे’चं बटण. ते मी दाबते तर दबेना.

"हे विझलंय रे."

"तुम्ही मान्य म्हटलं नाही ना अजून. चौकोनात टिचकी मारली की पेटेल."

"वाचलं नाही, तर मान्य कसं म्हणू?"

"कुणीच वाचत नाही, काकू. सगळे सरळ टिचकी मारतात."

"मग तू का नाही मारलीस?"

तोंडातून निघून गेलं. तो आत गेला आणि मी न मागितलेलं पाणी घेऊन आला.

वर्षं अशीच गेली. त्याच्याकडे माणूस येत नसे. फोन यायचा, पण तो आला म्हणजे कुठेतरी काहीतरी बिघडलेलं. सगळं सुरळीत असलं तर पेटी बांधणाऱ्याला कोण कशाला फोन करेल? त्याचा फोन मुका राहिला की मी समजायची, काम चांगलं चाललंय. तोही तसंच समजायचा. खिडकीत एकच कप उपडा घातलेला दिसायचा. बाजारात निघाला की मात्र माझ्या दारात थांबायचा, "काकू, काही आणायचंय?" मी काही ना काही सांगायचीच. रीळ, हूक, बटणं. घरात असली तरी.

मागच्या वर्षी कोपऱ्यावरचा चष्मेवाला स्वतः जिना चढून वर गेला. तोंड पाडून. मी मशीन थांबवून ऐकत राहिले. त्याचा जुना कॉम्प्युटर मेला होता, नवा घेतला, तर नवा म्हणतो ही पेटी अनोळखी माणसाची आहे, आत घेणार नाही.

"माझ्या गिऱ्हाइकांचे नंबर आहेत हो त्यात! एक कंपनी आपला प्रोग्राम फुकट द्यायला बसलीय. महिनाअखेरपर्यंत तुमच्यासाठी थांबतो, मग नाइलाज."

तो गेल्यावर पेटीवाला खाली आला आणि माझ्या मशीनची बॉबिन हातात घेऊन फिरवत उभा राहिला.

"काय झालं रे?"

"पेटीवर बनवणाऱ्याची सही असते, काकू. नुसती दिसणारी नव्हे, कॉम्प्युटरला ओळखता येते अशी. तिची मुदत संपलीय. नवी घ्यायची तर कंपनीतल्या दोघांनी हो म्हणायला लागतं."

"तुझ्या एकट्याच्या नावावर नाही का होत?"

"होतं की. उद्या होईल."

"मग घोडं कुठे अडलंय?"

त्यानं बॉबिन जागेवर ठेवली. "लिहिलंय तिनं, काकू. मी नुसतं बांधलंय. तिचं नाव काढून माझं एकट्याचं कसं लावू?"

"मग तिला फोन कर."

"इथे बसून करू?"

मी स्टूल पुढे सरकवलं. तो फोन कधी कानाला लावत नसे, हात कामात असायचे म्हणून मोठ्या आवाजातच ठेवायचा. तशीच सवय.

"मी बोलतोय."

"कळलं," ती म्हणाली. मी उगाच कापडाची घडी घालत बसले.

"कशी आहेस?"

"बरी आहे. काय बिघडलंय?"

त्यानं सगळं सांगितलं. सही, मुदत, चष्मेवाला. "तुला एक मेल येईल. त्यात मान्य म्हणायचं, बस."

"अजून चालतंय ते?"

"चार-पाच दुकानांत."

"मी ते कधीच सोडून दिलं रे."

"माहितीय. म्हणून विचारतोय."

पलीकडे कुणाची तरी खुर्ची सरकली. मग ती म्हणाली, "बघते." आणि फोन बंद.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. "फेडलं बघ तिनं," मी म्हटलं. तो हसायला लागला, हसता हसता चष्मा काढून पुसायला लागला, आणि बराच वेळ पुसत राहिला.

महिना सरत आला. तो रोज बाजारात निघताना थांबायचा, आणि माझ्या डोळ्यांतला प्रश्न दिसला की आपणच मान हलवायचा. मी एकदा म्हटलं, "अरे, लाव तुझं एकट्याचं. तिला काय फरक पडतोय?" तर म्हणाला, "तिला नाही पडणार." पुढे मी विषय काढला नाही.

मग एका सकाळी तो जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या उतरून खाली आला. असा उतरताना मी त्याला कधी पाहिला नव्हता.

"मान्य म्हणाली, काकू."

"आणखी काय म्हणाली?"

"तिथे बटणच दाबायचं असतं. लिहायला जागा नसते."

संध्याकाळी हाक आली. कोरं मशीन तयार. मी बसले, तो मागे उभा राहिला. अनोळखीबिनोळखी काही आलं नाही, दोघांच्या अक्षरांचं नाव सरळ समोर आलं. मान्य आहे. पुढे पेटलं. बसवा. झालं. मी कुठेच अडखळले नाही. मागे वळून पाहिलं, तर तो मशीनकडे बघत नव्हता, खुंटीवरच्या शर्टाकडे बघत होता.

"नीट बसलं का रे?"

"बसलं, काकू."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो खाली आला, शर्टाच्या खिशात पेन ड्राइव्ह. त्याच रात्री तो झोपेतच गेला, हे मला तेव्हा कुठलं माहीत. दारात थांबला आणि म्हणाला, "चष्मेवाल्याकडे जातोय. काही आणायचंय?"

"पांढरी बटणं आण. चार भोकांची. मागच्या खेपेला दोन भोकांची आणलीस."

"चार भोकांची," म्हणाला आणि गेला.

तासाभरानं आला. मी मशीन थांबवलं. "काय म्हणाला चष्मेवाला?"

"काही नाही. बसलं तसा लगेच कामाला लागला. दारात गिऱ्हाईक उभं होतं."

"शाबास तरी म्हणाला का?"

"चाललं की कोण म्हणतं, काकू?" त्यानं बटणांची पुडी माझ्या मशीनवर ठेवली, "झालं," म्हणाला, आणि जिना चढून गेला.

मी पुडी उघडली. दोन भोकांचीच. हाक मारणार होते, पण तोवर वरचं दार लागलं होतं. मग तीच लावायला घेतली.