पुढे ढकललेली मॅच

२००६ सालची गोष्ट. अमेरिकेत, नेपरव्हिलमध्ये दर शनिवारी सकाळी माझ्या लेकीची सॉकरची मॅच असायची, आणि साइडलाइनला घडीच्या खुर्चीत एक म्हातारा जर्मन बसलेला असायचा. वय पंच्याऐंशीच्या पुढं, पण बुटांच्या नाड्या खेळाडूसारख्या करकचून बांधलेल्या. खेळणाऱ्या एकाही मुलीशी त्याचं नातं नव्हतं. तरी कुणीही बॉल मारला, की खुर्चीखाली त्याचा डावा पाय उडायचाच!

मी पक्का क्रिकेटवाला. ऑफसाइड मला त्यानंच शिकवलं. एकदा म्हणाला, "तरुण होतो. क्लबच्या मेन टीममध्ये माझी निवड झाली. रविवारी पहिली मॅच, आणि शुक्रवारी महायुद्ध सुरू झालं."

"म्हणजे मॅच कॅन्सल झाली," मी हळहळलो.

"कॅन्सल नाही!" तो उसळला. "बोर्डावर 'पुढे ढकलली' असं लिहिलं होतं. कॅन्सल झाल्याचं मला अजून कुणी कळवलेलं नाही."

कळवणार कोण? त्या अकरांतला तो एकटाच युद्धातून परत आला होता.

पुढच्या शनिवारी हाफटाइमला बॉल घरंगळत त्याच्यापाशी आला. तो उठला. त्यानं डावा पाय मारला. बॉल लोळत लोळत रिकाम्या गोलकडे निघाला. जातोय, जातोय... गेला! मुली किंचाळल्या. मी थर्मास टाकून ओरडलो, "आउट!"

"बाबा, इट्स अ गोल!" लेक म्हणाली.

म्हातारा धापा टाकत होता. मी घाईनं खुर्ची पुढं केली.

"आत्ता कसला बसतोय!" तो म्हणाला. "मॅच सुरू झालीय."