आखाजीला टीव्ही गेम खेळणारी फुई

'सुटली बिचारी, आराम मिळाला तिला', असं प्लीज कुणी मला म्हणू नका.

तेराव्यापर्यंत खूप जण म्हणाले. मी गप्प बसले. आज आखाजी आहे. आज गप्प बसवत नाही.

फुई म्हणजे माझी आत्या. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मोठी बहीण. सासर चोपड्याकडे. माहेर आमचं, चाळीसगावजवळच्या खेड्यातलं.

राहायला यायची वर्षातून एकदाच. आखाजीला.

बाहेरच्या मित्रमैत्रिणींसाठी सांगते. खानदेशात अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी येतात. झोके बांधतात, गाणी म्हणतात. पुरुष पारावर पत्ते कुटतात. आणि माहेरी आलेल्या लेकीला त्या चार दिवसांत कुणी काम सांगत नाही.

बाकीच्या झोक्यावर बसायच्या.

माझी फुई टीव्हीसमोर बसायची.

मी चौथीत असताना आबांनी बाजारातून टीव्ही गेम आणला होता. पिवळी कॅसेट, दोन रिमोट, त्यातला एक चालायचा. गेममध्ये निळ्या कपड्यांतला एक छोटा गडी. पळायचं, उड्या मारायच्या, खड्डे चुकवायचे, आडवा येईल त्याला तलवारीने उडवायचं. प्रत्येक लेव्हलच्या शेवटी एक राक्षस. जीव तीनच.

फुई आधी नुसती मागे बसून बघत होती.

"उडी कव्हय मारानी?"

"खड्ड्याच्या जरा आधी."

"मंग तू कशी पडी गयी?"

मी रागाने रिमोट तिच्या हातात दिला. तो परत मिळायला संध्याकाळ झाली.

शेजारची अक्का दारातून डोकावली. "इतली मोठी बाई, आनि पोरंसना खेय खेयस!"

फुईने मान वळवली नाही. "अक्का, तुमना घरना मानसे कालपासून पारवर पत्ता कुटी ऱ्हायनात. पहिले त्यासले सांगा."

अक्का आत येऊन बसली. थोड्या वेळाने तीच ओरडत होती, "मार त्याले, मार!"

त्या गेममध्ये सेव्ह करता यायचं नाही. लाइट गेली की सगळं पहिल्यापासून. आणि आमच्याकडे लाइट तर जायचीच. शिवाय चार दिवस संपले की फुईची एसटी.

म्हणजे पुढच्या आखाजीला पुन्हा लेव्हल वन.

जाताना पिशवीत कुरडया भरता भरता विचारायची, "शेवटले काय व्हस वं?"

मी म्हणायची, "मलाही माहीत नाही. आपण दोघी बघू."

मी सातवीत गेले त्या वर्षी लाइट टिकली.

दुपारची जेवणं झाली होती. शेवटच्या राक्षसापर्यंत फुई पोचली तेव्हा तिच्याकडे एकच जीव उरला होता. आई रसाची वाटी घेऊन दारातच थांबली. राक्षस पडला. स्क्रीन काळा झाला. मग इंग्रजी अक्षरं आली.

"काय म्हनस ते? तू वाच, तू शिकेल शे."

घरात इंग्रजी वाचणारी तेव्हा मी एकटीच. एकेक शब्द जुळवत सांगितलं, "शूर वीरा, तुझं काम संपलं. आता विश्रांती घे."

फुई इतकी छान हसली.

तेवढ्यात अक्षरं गेली आणि पुन्हा लेव्हल वन सुरू झाली. तोच खड्डा, तेच शत्रू, फक्त आता जास्त जोरात येणारे.

फुई बघत राहिली. मग म्हणाली, "इसावा ले म्हने, आनि लगेच कामले लाई दिधं. हाई ते सासरनागतच शे."

'सासरसारखंच' म्हणत आई आणि ती हसून हसून लोळल्या. मीही हसले. तेव्हा मला त्यातला फक्त विनोद कळला होता.

मग मी धुळ्याला शिकले. घरातली पहिली ग्रॅज्युएट. रिझल्ट कळल्यावर फुई फोनवर म्हणाली, "तुनी कायम आखाजी ऱ्हावो." असा आशीर्वाद मला दुसऱ्या कुणी दिला नाही.

या हिवाळ्यात तिच्या छातीत दुखायला लागलं. मी सुट्टी काढून चोपड्याला गेले, तिला डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, पूर्ण विश्रांती हवी, आणि जळगावला जाऊन तपासण्या करा.

बाहेर येताच ती म्हणाली, "हरभरा काढाना शे. मंग आखाजीले येसू, तव्हय करसू आराम."

"फुई, आखाजीला खूप वेळ आहे."

"येस ती दरवरीस. मी कव्हय चुकनू का?"

मी फोन करत राहिले. ती हसून विषय बदलत राहिली. घरात तिला कुणी बस म्हणालं नाही. तशी सवयच नव्हती, ना त्यांना, ना तिला.

चैत्र लागला आणि एका सकाळी ती गोठ्यातच पडली. शेणाची पाटी डोक्यावर होती.

म्हणून म्हणते, याला आराम म्हणू नका. आराम जिवंत माणसाला द्यायचा असतो.

आज सकाळी आईने घरातल्या गेलेल्या माणसांसाठी पाण्याची घागर मांडली. दर आखाजीला मांडतात.

मी आबांना म्हटलं, "फुईची पण भरू."

"लेकनी घागर माहेरले भरतस नही, बेटा. तिना सासरले भरतीन."

मला राहवलं नाही. "आबा, अख्खं वर्ष ती तिकडेच असायची. आता आखाजीलाही तिकडेच?"

आबांनी पूजा केली. हात धुतले, दाराकडे बघत उभे राहिले.

मग आईला म्हणाले, "एक ताट जास्त वाढ. घागर तिकडे ऱ्हाऊ दे. आठे ती पित्तर नही शे, पाव्हनी शे."

आईने पुरणपोळी वाढली, आमरस वाढला. आबा ताटासमोर बसले.

दुपार टळली. आई ताट उचलायला वाकली, तर आबांनी तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. जेऊ दे तिले निवांत. आज तिले कोनतं काम शे?"

ताट अजून तिथेच आहे.

फुई, तुझ्या भाचीचा तुला शेवटचा नमस्कार.