पाळीवरून आलेली हाक

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता आणि आता म्हातारपणीही नाही. कारंज्याला आमचं धान्याचं दुकान. जैन घर... देवळात जाणं, सूर्यास्ताआधी जेवण, सगळं नियमानं. पण अंगात येणं, भानामती असल्या गोष्टी घरात कुणी उच्चारत नसे. तरी हे लिहितोय, कारण हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा आमचा भाग अकोला जिल्ह्यात होता. माझा मित्र वसंता आसेगावचा, शेतकऱ्याचा पोरगा, काही वर्षं नेव्हीत काढून परत आलेला. मुंबईच्या एका क्लबानं शर्यत ठरवली होती — दोघादोघांनी वल्ही मारत अरबी समुद्र ओलांडायचा, थेट मस्कतपर्यंत. वसंतानं मला न विचारताच दोघांची नावं देऊन टाकली. पुण्याला कॉलेजात असताना मी थोडं रोइंग केलं होतं, तेवढंच माझं भांडवल.

सराव आसेगावपलीकडच्या तलावात. दर रविवारी पहिली एसटी पकडायची आणि दिवसभर नाव ओढायची. तळहातांची सालटी निघायची. सोमवारी दुकानात तराजू उचलवत नसे. हौस तर केव्हाच विरली होती... पण सोडून देऊ असं आधी बोलणार कोण?

वल्ही मारणाऱ्याची पाठ पुढच्या दिशेला असते, जायचं तिकडचं त्याला दिसत नाही. त्यात त्या तलावात बुडालेल्या बाभळींची खोडं. उन्हाळ्यात ती पाण्याच्या जेमतेम खाली असायची. म्हणून वसंताची बायको, कमलवहिनी, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभी राहून ओरडायची, "अवो, डावा हात ओढा! आता सरळ!"

त्या वैशाखात ती यायची बंद झाली. "समुद्रात मेले तं मी कोनाच्या तोंडाकडे पाहू?" एवढं म्हणून तिनं वसंताशी अबोला धरला.

त्याच सुमारास एका रविवारी, भर दुपारी, धुळीचं वादळ उठलं. पाळ दिसेना, काठ दिसेना. आम्ही आधीच गळून गेलो होतो.

"हात जानवूनच नाही राह्यले बे," वसंता म्हणाला.

वारा आम्हाला खोडांकडे रेटतोय हे कळत होतं. पण खोडं नेमकी कुठं? मी वल्ही सोडून दिली. खरं सांगतो, भीती वाटायलाही अंगात काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात — "अवो! डावा ओढा!"

एवढ्या वाऱ्यातही स्वच्छ. वहिनीचाच आवाज. वसंता ताठ झाला. आम्ही डावा ओढला. एक खोड नावेला घासून मागे गेलं. "आता सरळ! ओढा!" आवाज सांगत होता तसं ओढत राहिलो... शेवटी नाव काठच्या चिखलात रुतली.

धूळ बसली. पाळीवर कुणीच नव्हतं.

"आली आन् गेलीबी," वसंता हसला. "राग उतरला नाही अजून."

घरी गेलो तर वहिनी ओसरीवर तूर निवडत बसलेली, शेजारी बाजूच्या घरची म्हातारी. वसंतानं विचारलं, "पाळीवरून कवा आली?" वहिनीनं तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. घसा पार बसलेला.

म्हातारीच बोलली, "थे कुठी जाते? सकायपासून माह्यासंग अठीच बसून हाये. एक शब्द नाही बोलली दिवसभर. आता पानी मांगाले गेली, तं आवाजच नाही."

वसंताचं हसू मावळलं. दुसरी कुणी बाई असेल, असं मी म्हणून पाहिलं. पण वसंताला 'अवो' म्हणणारी दुसरी बाई कोण असणार?

शर्यत शेवटी झालीच नाही. परवानगी मिळाली नाही म्हणे. आम्हा दोघांनाही सुटल्यासारखं वाटलं. वसंता शेतीत गुंतला. काही वर्षांपूर्वी तो गेला.

त्याच्या तेरवीला वहिनीजवळ बसलो असताना मी विचारलं, "वहिनी, त्या दुपारी तुम्ही मनातल्या मनात आमचीच काळजी करत होता ना?" ती हो म्हणेल, आणि तेवढ्यावर मीही समाधान मानीन, असं वाटलं होतं.



"नाही भाऊजी. खोटं कायले बोलू? वादय सुटलं तवा मी मनात एकच म्हनून राह्यली होती, बुडू दे एकदाची थे नाव, म्हंजे यांचं जानं तरी टळन. आत तुमी दोघं बसले हा, याचंबी भान नव्हतं मले." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "मंग तुमाले हाक कोनं मारली, भाऊजी?"

ती खरोखरच मला विचारत होती.