आबांना पटलेला आवाज

काचबिंदूनं आबांची नजर गेली, तेव्हा त्यांना निवृत्त होऊन दोनच वर्षं झाली होती. माझे वडील बावड्याच्या शाळेत मराठी शिकवायचे. आमच्या घराण्यात अक्षर ओळखणारे ते पहिलेच. डाव्या हातात पुस्तक नसताना जेवलेलं मी त्यांना पाहिलं नव्हतं. नजर गेल्यावरही जेवताना तो हात मांडीवर तसाच उघडा असायचा. आई पाहायची आणि ताटाकडं बघत राहायची.

मी तेव्हा बारामतीच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होते, राहायलाही तिथंच. पुण्यात एक संस्था अंधांसाठी पुस्तकं वाचून कॅसेटवर भरते, असं कळलं. मी पत्र टाकलं. महिन्याभरात पोस्टानं सहा कॅसेटी आल्या.

आबांनी पहिल्या वाचणाऱ्याला दहा मिनिटांत नापास केलं. तो दुःखाच्या जागी हुंदके द्यायचा. "ह्यो माझ्या वाटणीचं रडतोय," आबा म्हणाले. "रडायचं का न्हाय ते मी ठरवीन की!" दुसरा बातम्या दिल्यासारखा वाचायचा. तिसऱ्या पार्सलात एका बाईंचा आवाज आला. जरा बसका, साधा. पान उलटल्याचं ऐकू यायचं. एकदा मागं कुकरची शिट्टी झाली. शब्द चुकला की त्या "चुकलं" म्हणायच्या आणि वाक्य पहिल्यापासून घ्यायच्या.

"हिला स्वल्पविराम कळतो," आबा म्हणाले. शाळेत कुणाला त्यांनी याहून मोठी शाबासकी दिल्याचं मला आठवत नाही.

पुढं दोन वर्षं त्यांनी त्याच बाईंची पुस्तकं मागवली. मग एक जाड कादंबरी आली. पाचव्या कॅसेटची दुसरी बाजू लावली, तर पुरुषाचा आवाज.

"बंद कर."

"आबा, गोष्ट तीच आहे."

"गोष्ट तीच हाय गं. सांगणारी मधीच उठून गेली, त्याचं काय?"

त्यांनी माझ्याकडून संस्थेला पत्र लिहून घेतलं. उत्तर आलं: बाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं आहे, आता त्या वाचू शकणार नाहीत. संध्याकाळी आबा म्हणाले, "लिही. बाई, तुमच्यामुळं मला दोन वर्षं डोळे होते. आता तुमचं कसं चाललंय?" हे पत्र संस्थेमार्फत पाठवलं. त्याचं उत्तर आलं नाही.

मग मी बारामतीच्या वाचनालयातून तीच कादंबरी आणली आणि दर रविवारी बावड्याला जाऊन वाचू लागले. तिसऱ्या रविवारी आबांनी मला थांबवलं.

"तू गाडी पकडायची असल्यागत वाचतीस."

खरंच होतं ते. मला साडेपाचची एसटी गाठायची असायची. पण मला लागलं. आठवडाभर टायपिंग करून, अडीच तास उभ्यानं प्रवास करून यायचं आणि वर हे ऐकायचं! कामाची सबब सांगून मी पुढचे चार रविवार गेलेच नाही. पाचव्या आठवड्यात ऑफिसात फोन आला. आबांना अर्धांगवायूचा झटका आला होता, त्यांना इंदापूरच्या दवाखान्यात हलवलं होतं.

त्यांची वाचा गेली होती. मी रजा टाकली आणि पुस्तक घेऊन त्यांच्या उशाशी बसले. आता कुठली गाडी गाठायची नव्हती. रोज दुपारी वॉर्ड शांत झाला की मी वाचायचे, एकेका विरामावर थांबत. आई पायाशी बसून त्यांचे तळवे चोळायची. आबा डोळे मिटून असायचे. ऐकत होते की नाही, कळायला मार्ग नव्हता.

सहाव्या दुपारी नर्स सलाईन बघायला आली. तिनं आबांचं मनगट धरलं, थोडा वेळ तसंच धरून ठेवलं. मग म्हणाली, "ताई, थांबा आता."

मी हातातलं वाक्य पुरं केलं. का, ते सांगता येणार नाही. वाचताना माझे डोळे पुस्तकावर होते. कुठल्या पानावर आबांचं ऐकणं थांबलं, ते मला दिसलंच नाही.

दिवसकार्य झाल्यावर आई एकदा म्हणाली, "तू वाचत हुतीस तवा त्यांच्या कपाळावर आठी नव्हती." माझ्या समाधानासाठीच म्हणाली असेल. त्या कादंबरीची अठरा पानं राहिली होती. ती मी न वाचताच पुस्तक वाचनालयात परत केलं.