मेहुण्याला गप करणारा ड्रमवाला

तलासरीत माझ्या दुकानासमोर लग्नात वाजवणाऱ्या बेंजो पार्टीचा टेम्पो उभा असतो. त्यातला ड्रमवाला चहाला येतो आणि माझ्या बिस्किटांच्या डब्यांवर बोटं चालवत बोलतो. ढोल-ताशे त्याच्या लेखी एकटे जीव. "ड्रमसेट म्हणजे कुटुंब, शेठ. पायाने वाजतो तो बेस, माझा बाप. कमी बोलतो, पण छातीत लागतं. काठ्यांनी तडतडतो तो स्नेअर म्हणजे मी, सारखी बडबड. आणि ही सिंबलची थाळी म्हणजे मेहुणा. एकदा सुरू झाला की गप बसत नाही!"

परवा झरी गावातल्या एका लग्नात, यांचं वाजवणं रंगात असताना, लग्न लावणारी म्हातारी धवलेरी बारीक आवाजात गायला लागली. ड्रमवाल्याने काठी वर करून सगळ्यांना थांबवलं आणि थरथरती सिंबल दोन्ही हातांनी गच्च धरून बसला. पोरं ओरडली, "वाजव ना!" गाणं संपेपर्यंत गडी हलला नाही.

"आज मेहुण्याला गप केलंस?" मी नंतर विचारलं.

"तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही, शेठ. माझ्या लग्नात ड्रमपुढे तिचं गाणं कोणाला ऐकूच आलं नाही. बायको अजून म्हणते, आपलं अर्धंच लागलंय."

"कोण गाढव वाजवत होता?"

"मीच की. बाशिंग बांधून."