दादाचा भाता आणि ताईची टिकटिक

"अगं बारके, तुझी ही टिकटिक जरा दम धरंल का नाही?"

"ती कशाला दम धरंल? तिला काय फुप्फुसं आहेत? तू गाठ तिला."

"गाठायला जातो तर पुढं निघून जातोय की."

"मग जाऊ नकोस पुढं."

"हे बरंय. मागं राहिलो तर बोलणी, पुढं गेलो तर बोलणी. नांदायला आल्यागत झालंय माझं."

ही बारकी बावन्न वर्षांची. गल्लीत सगळे तिला ताई म्हणतात, तिच्याहून म्हातारेसुद्धा. बारकी म्हणणारा एकच माणूस उरलाय, तिचा थोरला भाऊ. तो काचेपलीकडं गळ्यात अकॉर्डियन अडकवून, कानाला हेडफोन लावून बसला होता. हेडफोनमध्ये तालयंत्राची टिकटिक.

ताईचा स्टुडिओ म्हणजे शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. खालचं शिवणयंत्र आड आलं की ती काठीनं जमिनीवर दोनदा ठोकते आणि शिंपी पाय थांबवतो. बावीस वर्षं हे चाललंय. बाई तोंडानं फटकळ. भलेभले वाजवणारे तिच्या बोलण्यानं घामाघूम होऊन जिना उतरलेत. "यंत्र चुकत नाही, हात चुकतो," हे तिचं ठरलेलं वाक्य.

ताल ती शिकली दादाकडूनच. लहानपणी तो दाराच्या फळीवर बोटांनी ठेका धरायचा आणि ही त्यावर पाढे म्हणायची. सतराच्या पाढ्यात अडकली की तो बोटं तशीच अधांतरी धरायचा. तिला आठवेपर्यंत पुढचा ठोका पाडायचा नाही.

गेल्या वर्षी दादाच्या अंगावरून वारं गेलं. बोलणं सुधारलं, बोटंही सुधारली, पण डावा हात पहिल्यासारखा राहिला नाही. अकॉर्डियनचा भाता ओढायचा तो डाव्या हातानंच. भाता पुरता उघडला आणि मिटायला वळवायचा झाला की हात अडखळतो. केसाएवढाच. पण टिकटिकीला केससुद्धा खपत नाही.

काम होतं बाहुल्यांच्या खेळाचं. एक गाणं, त्यावर ढोल आणि ढोलाच्या ठोक्यावर बदलणारे दिवे. ढोल तालयंत्रातून यायचा, दिव्यांचं यंत्र निराळं, आणि प्रत्येक आवाज वेगळ्या पट्टीवर साठवणारा आठ पट्ट्यांचा डिजिटल रेकॉर्डर निराळा. तिघांची घड्याळं तीन. एकदम चालू केली तरी तिसऱ्या कडव्यापर्यंत तिघांची तोंडं तीन दिशांना. म्हणून वायरी जोडून एकाला कारभारी करायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या मागून चालायचं. ताईच्या खोलीत कारभारी कायम तालयंत्र. त्याच्या मागं रेकॉर्डर आणि दिवे, आणि सगळ्यांच्या मागं माणूस.

चौथ्यांदा फसलं तेव्हा कोपऱ्यातल्या स्टुलावरचा बाहुलीवाला खाकरला. "ताई, राग मानू नका. आमच्या कीबोर्डात अकॉर्डियनचा आवाज आहे. दुपारी तालीम आहे हो."

दादानं पट्टा सोडायला घेतला. हसून म्हणाला, "खरंय त्यांचं. ही पेटी आता माळ्यावरच शोभंल."

ताईला काही हसू आलं नाही. आजारपणात हा माणूस अंथरुणातून उठायचा तो फक्त पेटी मांडीवर घ्यायला. पेटी माळ्यावर गेली की मागोमाग हाही भिंतीकडं तोंड करून पडणार, हे तिला लख्ख दिसलं.

"पट्टा बांध," ती म्हणाली. "हेडफोन काढ. टिकटिक बंद केलीय. तुझ्या मनानं वाजव."

"आणि ढोल?" बाहुलीवाला म्हणाला.

"ढोल येईल मागनं."

"मागनं कसा? ढोल तर पुढं लागतो."

"तुमच्या घरी कोण पुढं चालतं, आम्ही विचारलं का?"

दादानं तिन्ही कडवी वाजवली, ताईनं ती रेकॉर्ड करून घेतली. भाता वळताना थांबला तिथं थांबला, घाई केली नाही.

रेकॉर्डरमध्ये एक सोय होती. ताईनं ती आजवर कुणासाठी वापरली नव्हती. वाजलेलं ऐकत प्रत्येक ठोक्याला बटण दाबायचं. त्या खुणांवरून रेकॉर्डर ताल बांधतो आणि तालयंत्राला आपल्या मागून चालवतो. तिनं वायरी काढून उलट्या जोडल्या, तालयंत्राला दुसऱ्याचं ऐकायला लावलं आणि गाणं ऐकत बटण दाबत गेली.

मग ढोल लावला. पुन्हा तेच. ढोल पुढं, दादा मागं.

बाहुलीवाल्यानं घड्याळ बघितलं. दादा मात्र खुदखुदला. "बारके, यंत्र चुकत नाही. हात चुकतोय."

खरंच चुकत होता. बावीस वर्षं सारख्या अंतरानं पडायची सवय लागलेलं ताईचं बोट. भाता वळायच्या आधीच ते बटणावर आपटत होतं. तिनं सगळ्या खुणा पुसल्या, बोटाकडं बघितलं आणि उठली.

"ये इकडं. बस माझ्या खुर्चीत."

"तुझ्या? त्यात मांजर बसलं तरी तू उठवतेस."

"बस म्हणलं ना. तूच दाब. माझं बोट लई शहाणं झालंय, त्याला थांबता येत नाही."

दादा बसला. गाणं सुरू झालं. उजव्या बोटानं तो बटण दाबत होता आणि मांडीवरचा डावा हात हळूहळू बाजूला सरकत होता, थांबत होता, परत येत होता. पेटी गळ्यात नसतानाही तो भाता ओढत होता. ताई त्या हाताकडं बघत उभी राहिली.

पुन्हा ढोल लावला. भाता उघडत गेला, ढोल बरोबर. भाता वळायला आला आणि ढोल अडला, केसाएवढा, मग दोघं एकदमच खाली आले. दुसऱ्या कडव्यात तसंच, तिसऱ्यातही तसंच. दिव्यांचं यंत्रही निमूट त्याच वाटेनं चाललं.

बाहुलीवाल्याचा हात नकळत वर गेला होता. बोटांत दोऱ्या असल्यासारखा त्यानं तो फिरवला. "इथंच आमची राणी बाहुली मागं वळते," तो म्हणाला. "झगा सावरायला तिलाही वेळ लागतोच की. कीबोर्ड राहू दे, ताई. हेच न्यायचं."

"न्यायचं काय, अजून झालं कुठं," दादा म्हणाला. "दुसऱ्या कडव्यात माझा एक सूर घसरलाय."

"ऐकलाय मी. ऊठ आता माझ्या खुर्चीतनं."

दादा काचेपलीकडं गेला आणि पट्टा बांधू लागला. ताईनं खुर्ची पुढं ओढली, गाणं दुसऱ्या कडव्याच्या थोडं मागं नेलं आणि रेकॉर्डरवरची अकॉर्डियनची पट्टी पुन्हा भरायला उघडली.

"तेवढाच तुकडा घेऊ. चार ठोके आधीपासून देते. ढोल तुझाच आहे, हात सैल सोड."