विलो फोर्कचे एकोणीस संडास

रहमान हुर्झुक यांनी कतारमध्ये इतक्या इमारती उभ्या केल्या, की कुणाला खरं वाटणार नाही. त्यातल्या एकीतही उंदराशिवाय कुणी राहू शकणार नाही, ही गोष्ट वेगळी. द पर्लचं अख्खं बेट त्यांनी एकदा टेबलावर बसवलं होतं, बोटींसकट. मॉडेल बनवणाऱ्या कंपनीत ते सुतार. त्यांचे वडील बाणकोटच्या खाडीवर होड्या बांधायचे. मुलानं तेच कसब घेतलं आणि आणखी लहान, आणखी लहान करत नेलं.

इंडस्ट्रियल एरियातल्या त्या वर्कशॉपमध्ये गेल्या सप्टेंबरात एक काम आलं. दोह्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवणाऱ्या अमेरिकन मॅडमना आपल्या पणजोबांचं गाव टेबलावर हवं होतं. गावाचं नाव विलो फोर्क, मुलूख नेब्रास्का. दीडशे वर्षांपूर्वी एकोणीस कुटुंबं बैलगाड्यांतून त्या माळावर उतरली. झाड नाही की दगड नाही. पहिला हिवाळा त्यांनी जमिनीत खड्डे खणून काढला, वर गवताची ढेकळं रचून. मग लाकूड आणलं, घरं बांधली, लोहाराचं दुकान काढलं, प्रार्थनाघर केलं. रहमानभाईंनी हे ऐकलं आणि ते त्या गावाच्या प्रेमात पडले. ते स्वतः दोह्यात आले तेव्हा आज ते राहतात त्या मुऐदरमध्ये तरी काय होतं? वाळू, आणि वाळूवर पाण्याचा टँकर.

मॅडम स्वभावानं गोड, पण कामात कडक. आधी एका दुसऱ्या कंपनीनं हेच गाव केलं होतं. एका घराचं धुराडं चुकीच्या भिंतीला लागलं म्हणून बाईंनी मॉडेल परत पाठवलं. मोजणीदाराचा जुना नकाशा रहमानभाईंच्या हातात देऊन त्या म्हणाल्या होत्या, "सगळं याच्याप्रमाणे. माझे वडील बघायला येणार आहेत."

आता खरी गोम ऐका. रहमानभाईंचं कॉन्ट्रॅक्ट एकतीस डिसेंबरला संपत होतं आणि वय साठीला टेकलं होतं. वर्कशॉपमध्ये मॉडेलचे भाग छापून काढणारं नवं प्रिंटर यंत्र आलं होतं, ते झोपत नाही आणि चहा मागत नाही. सुपरवायझर जियाद मनानं चांगला. त्यानं आधीच सांगितलं होतं, की हे काम पास झालं तर मी वर शब्द टाकतो, नाही तर खलास. नोकरी गेली की व्हिसा गेला. आणि धाकट्या मुलीची, रिदाची, बारावीची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होऊन एप्रिलला संपणार. वर्षभर पोरीनं मान वर केली नव्हती. तिला ऐन परीक्षेच्या तोंडावर उचलून गावी न्यायचं कसं? त्यांची बायको रुकैयाभाभी तोंडानं काही बोलायच्या नाहीत. फक्त बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, रिकामे खोके आणून दाराआड रचून ठेवायच्या. ते खोके बघितले की रहमानभाईंना वाटायचं, त्यापेक्षा हिनं भांडावं.

मॉडेल पोहोचवायच्या आदल्या दिवशी, दुपारच्या नमाजनंतर, ते नकाशा घेऊन शेवटची नजर फिरवत होते. घरं बरोबर, धुराडी बरोबर, लोहाराचा भाता बरोबर. मग ते घरांच्या मागे आले आणि तिथंच थिजले.

प्रत्येक घरामागे एक लाकडी संडास होता. नकाशात त्यांची दारं पूर्वेला किंवा पश्चिमेला, आपापल्या घराकडे तोंड करून. रहमानभाईंच्या मॉडेलमध्ये एकोणीसच्या एकोणीस दारं दक्षिणेला.

हे कसं झालं, ते त्यांना एका क्षणात कळलं. या कंपनीत येण्याआधी चौदा वर्षं ते व्हिलांवर सुतारकाम करत होते. एकदा एका इंजिनियरनं संडास असा बसवला, की बसणाऱ्याचं तोंड सरळ मक्केकडे. मालकानं बसवलेली फरशी फोडायला लावली आणि सगळ्या कामगारांना उभं करून झाडलं. गावी मक्का पश्चिमेला, इथंही पश्चिमेलाच. तिकडे तोंड करायचं नाही, पाठही करायची नाही. ते हातात इतकं मुरलं होतं, की डोकं नकाशा वाचत होतं आणि हात आपलं काम परस्पर उरकत होते. एकदा नाही, एकोणीस वेळा.

आता काढायचं म्हटलं तर गाव हिवाळ्यातलं दाखवलेलं, प्रत्येक संडास बर्फाच्या रोगणात रुतलेला. ओढला तर अंगणासकट उखडणार, आणि एकेक कापून सोडवायचा तर रात्र पुरायची नाही.

"छोड दो, रहमानभाई," जियाद हळू आवाजात म्हणाला. "मॉडेल पाहायला आलेला माणूस संडासाचं दार बघतो का?"

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे काही तो चुकीचं सांगत नव्हता. रहमानभाई घरी आले आणि जेवता जेवता त्यांनी सगळं सांगून टाकलं. रिदानं फोनवर काही तरी पाहिलं आणि तोंडावर हात धरला.

"अब्बा, फ्रॉम नेब्रास्का किबला इज नॉर्थ-ईस्ट."

"म्हणजे?"

"मीन्स, तिथून मक्का ईशान्येला. नकाशाप्रमाणे केलं असतं तरी चाललं असतं."

झालं. नकाशाप्रमाणेही झालं नाही आणि धर्माच्या बाजूनं गरजही नव्हती. रहमानभाईंना हसावं की डोकं आपटावं कळेना. रुकैयाभाभी ताटात भात वाढत म्हणाल्या, "तुम्ही लपवलंत तर तुम्हाला झोप लागायची नाही. आणि तुमच्या उसाशांनी आम्हाला. सांगून मोकळे व्हा."

"आणि ही पोर?"

"पोरीचं अल्ला बघेल. तुम्ही तुमचं बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये मॉडेलवरचं कापड निघालं. मॅडम आल्या, व्हीलचेअरमध्ये त्यांचे अठ्ठ्याऐंशी वर्षांचे वडील. म्हाताऱ्यांनी चष्मा पुसला आणि एकेक घर न्याहाळायला सुरुवात केली. जियाद खुशीत येऊन रहमानभाईंना कोपरानं ढोसत होता. तेवढ्यात रहमानभाई पुढं झाले आणि आपल्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, यात एक चूक आहे. एकोणीस वेळा आहे. माझी आहे." जियादनं डोळे मिटून घेतले.

मॅडमनी नकाशा मागवला. बोट ठेवून एकेक दार पाहिलं. त्यांचा चेहरा उतरत गेला. धुराड्याची गोष्ट रहमानभाईंच्या डोक्यात घणासारखी बसत होती.

"हा नकाशा कोणत्या वर्षाचा?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

मॅडमनी वर्ष सांगितलं.

"मोजणीदार दोन दिवस राहिला होता गावात. त्याला काय ठाऊक? खड्डा भरला की दुसरा खणायचा, घोडा जुंपायचा आणि खोपट ओढून त्यावर ठेवायचं. दर दोन-तीन वर्षांनी. दार वाऱ्याकडे पाठ करून, जिकडे जमेल तिकडे. लहानपणी ते काम माझ्याकडे होतं." ते रहमानभाईंकडे वळले. "पण सगळी एकाच दिशेला का केलीत?"

रहमानभाईंनी संकोचत कारण सांगितलं. जियादनं मध्ये मध्ये शब्द पुरवले. मॅडमनी ओठ चावून हसू दाबलं. म्हातारे मात्र हसले नाहीत.

"आमच्या दफनभूमीत सगळ्यांचे पाय पूर्वेला," ते म्हणाले. "माझे आजोबा होकायंत्र लावून खणायला सांगायचे. घरं वाकडी चालायची, ते नाही." मग त्यांनी लोहाराच्या दुकानामागं बोट दाखवलं. "तो आमचा. त्याचं दार दुकानाकडे होतं. दुकानात कोण आलं ते आजीला बसल्या जागी दिसायला हवं."

रहमानभाईंनी खिशातली पाती काढली. बर्फ कापून तो एक संडास सोडवला, फिरवून बसवला आणि भेगेवर पांढरी भुकटी दाबली. त्या एकालाच तासभर गेला. म्हाताऱ्यांनी वाकून पाहिलं आणि डोळे पुसले. "बाकीचे राहू द्या," ते लेकीला म्हणाले, "एखाद्या वर्षी तसेही असतील."

मॅडमनी सही केली. सही करता करता त्या म्हणाल्या, की गावाची गोष्ट इथं संपत नाही. पुढं रेल्वे आली ती चार मैलांवरून, गावाला वळसा घालून. तेव्हा लोकांनी घरं घसरगाड्यांवर चढवली आणि बर्फावरून ओढत रुळांपाशी नेली. अख्खं गाव हललं. "तेही करून द्याल? याच माणसानं करायचं. किती दिवस लागतील?"

"एका घराला घोडे किती?" रहमानभाईंनी विचारलं.

"वीस," म्हातारे म्हणाले.

एकोणीस घरं, प्रत्येकी वीस घोडे, घोड्याला चार पाय. रहमानभाईंनी मनाशी गणित केलं. खोटं बोलायची गरजच नव्हती.

"एप्रिल संपेल, मॅडम."

"एप्रिलपर्यंत काम, तर एप्रिलपर्यंत कॉन्ट्रॅक्ट," जियाद गाडीत बसताना म्हणाला. "कागद आजच पाठवतो. यल्ला, बसा. आणि घोडे तरी नकाशाप्रमाणे करा."

रहमानभाईंचा जीव इतके महिने कुठं टांगला होता कोण जाणे, तो आता भांड्यात पडला. गाडीत त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं.

घरी रिदा पुस्तकात डोकं खुपसून बसली होती. "सो?" तिनं वर न बघता विचारलं.

"तुझी परीक्षा संपेपर्यंत मला घोड्यांचे दीड हजारावर पाय करायचे आहेत," ते म्हणाले.

पोरीनं वर पाहिलं. मग पुस्तक मिटून ती बापाच्या गळ्यात पडली, आणि कधी नव्हे ते निव्वळ मराठीत म्हणाली, "अब्बा, मला खूप भीती वाटत होती."

रुकैयाभाभींनी दाराआडचे खोके एकेक करून पायानं चपटे केले, सुतळीनं बांधले आणि नवऱ्याच्या हातात दिले. "कचऱ्याच्या पेटीत टाकून या," त्या म्हणाल्या, "मी चहा टाकते."